दवाखाना कोणाच्या अखत्यारीत

धुळ्याला माहेरी गेले की जेवणं झाल्यावर माझा थोरला भाऊ एक विषय हमखास काढायचा. तो तिथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. सुपारी कातरत तो म्हणायचा, "या देशात सगळ्यांना एकदम मताचा अधिकार दिला, तिथंच घोटाळा झाला. ज्याला जिल्हा परिषद आणि विधानसभा यांतला फरक सांगता येत नाही, त्यानं कशाच्या जोरावर मत द्यायचं? तुझ्या सासरच्या बायकांना विचार बरं, आमदार काय काम करतो. एकीला सांगता येणार नाही."

मी सुरुवातीला वाद घालायची. पुढं गप्प बसायला लागले. त्याचं म्हणणं पटलं होतं म्हणून नव्हे. माझ्या सासरच्या बायकांना आमदार काय करतो, सभापती काय करतो, ग्रामसेवकाच्या हातात किती आणि तालुक्याच्या साहेबाच्या हातात किती, हे सगळं एव्हाना पाठ झालं होतं. ते पाठ करायला त्यांना दहा-बारा वर्षं लागली होती. त्या पाठांतराचं काय झालं ते भावाला सांगायचा मला कंटाळा आला होता. आता लिहिते.

माझं सासर पारोळ्याच्या बाजूला, हमरस्त्यापासून बरंच आत. तिथली मोठी गंमत अशी की गाव जळगाव जिल्ह्यात, पण माणूस आजारी पडलं की जवळ पडायचं धुळं. म्हणजे मरायला टेकलेलं माणूस एका जिल्ह्यात न्यायचं आणि दाद मागायची ती दुसऱ्या जिल्ह्यात. लग्न होऊन आले तेव्हा मी मॅट्रिक झालेली त्या गावातली एकटी बाई. माझे यजमान गावच्याच प्राथमिक शाळेत मास्तर. थोरले दीर शेती बघत. त्यांची बायको, माझी जाऊ, तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. मीही अक्काच म्हणायची. ती कधी शाळेत गेली नव्हती. बोलणं सगळं अहिराणी. माझं धुळ्याच्या पेठेतलं मराठी ऐकून ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, "ही तं कचेरीसारखी बोलस!"

अक्काची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाख होता. सकाळी पोट दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सुइणीनं हात टेकले. मूल आडवं होतं. बैलगाडीत गादी घातली, वर सावलीला गोधडी बांधली आणि आम्ही हमरस्त्याकडं निघालो. गाडी माझा पुतण्या, म्हणजे त्या मुलीचा धाकटा भाऊ, हाकत होता. मी आणि अक्का तिच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. रस्ता कसला, नुसती चाकोरी. प्रत्येक धोंड्यावर ती ओरडायची. मग हळूहळू ओरडणं बंद झालं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

हमरस्त्याला लागलो. कापसाच्या गठाणी भरलेले ट्रक सुरतेकडं चालले होते. पुतण्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होता. दोन-तीन ट्रक त्याला वळसा घालून गेले. शेवटी धुळ्याकडं जाणारी एसटी थांबली. कंडक्टर खाली उतरला, गाडीत डोकावला, आणि काहीच न बोलता त्यानं डोक्यावरची टोपी काढली. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं, मग मुलीकडं पाहिलं. तोपर्यंत तिला कळलं नव्हतं.

त्यानंतर अक्का पुष्कळ दिवस बोलली नाही. कामं करायची, बोलायची नाही. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. पंचायतीत बायकांसाठी दोन जागा असत. उभं कोणी राहत नसे, मग सरपंच ठरवतील त्या दोन बायकांची नेमणूक व्हायची. सरपंच आमच्याच भाऊबंदातले, त्यांना नाना म्हणत. नानांनी माझं नाव घातलं, कारण मला सही येत होती. त्या रात्री भाकरी थापता थापता अक्का पहिल्यांदा बोलली, "तू आते सरकारमा गयी ना? मंग दवाखाना आन."

मी पहिल्याच सभेला दवाखान्याची गोष्ट काढली. नाना हसले नाहीत, ते भले होते. त्यांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. ग्रामसेवक म्हणाला, "बाई, पंचायतीला दिवाबत्ती करता येते, आडात औषध टाकता येतं, गटार काढता येतं. दवाखाना आपल्या अखत्यारीत नाही. तो जिल्हा परिषदेचा."

अखत्यारीत. हा शब्द मी घरी जाऊन अक्काला सांगितला. तिनं दोनदा म्हणून पाहिला. पुढं तो शब्द आमच्या गावच्या बायकांच्या तोंडी इतका बसला की पोरानं मार खाल्ला तरी त्या म्हणायच्या, तो बापाच्या अखत्यारीत आहे.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला एक तरुण पुढारी उभा राहिला. वडिलांची मोठी बागायत, स्वतः पुण्याला शिकून आलेला, बोलायला मृदू. लोक त्याला दादासाहेब म्हणू लागले होते. त्याची जीप मारुतीच्या पारावर थांबली. पुरुष पुढं बसले, बायका भिंतीआडून ऐकत होत्या. रस्ता करू, देवळाला सभामंडप देऊ, असं चाललं होतं. अक्का भिंतीआडून सरळ पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "आमले सडक नको, मंडप नको. मनी पोर सडकवर मरी गयी. तुम्ही दवाखाना देशात का नही, तेवढं सांगा."

दीर उठून तिला आवरायला निघाले. दादासाहेबांनी हात करून त्यांना थांबवलं आणि उभं राहून अक्काला नमस्कार केला. म्हणाले, "अक्का, दवाखाना देईन. नाही दिला तर या पारावर तोंड दाखवणार नाही."

अक्का त्या दिवसापासून घरोघर गेली. वाड्यापासून भिल्लवाड्यापर्यंत. मी तिच्यासोबत जायची, चिन्ह कसं असतं, शिक्का कुठं मारायचा, कागदाची घडी कशी घालायची, ते दाखवायची. नवऱ्यानं दुसरं सांगितलं तर? असं एकीनं विचारलं. अक्का म्हणाली, "आतमा नवरा येत नही." बायका एवढ्या हसल्या की तिथं निजलेलं लेकरू उठलं. मतदानाच्या दिवशी त्या ज्या चालीनं केंद्राकडं निघाल्या, त्या चालीनं मी त्यांना लग्नातही चालताना पाहिलं नव्हतं. दादासाहेब निवडून आले. निकालानंतर ते गावात आले आणि पारावर म्हणाले की ही बायकांची मतं आहेत, मला माहीत आहे.

खरं सांगायचं तर त्यांनी शब्द पाळला. दवाखान्याची इमारत झाली. दगडी जोतं, पांढऱ्या भिंती, समोर ओटा, आत बाळंतपणाची वेगळी खोली. त्या खोलीपुढचं अंगण अक्कानं स्वतः शेण-पाण्यानं सारवलं. फीत कापायला तालुक्याहून साहेब आले. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं एक शिपाई बसला होता. त्याच्याकडं किल्ली होती. डॉक्टर नव्हता, कंपाउंडर नव्हता, औषध नव्हतं. पंधरा दिवस झाले, महिना झाला. शिपाईही दुपारनंतर दिसेनासा झाला.

मी, अक्का आणि आणखी चार बायका एसटीनं जळगावला गेलो. अक्कानं जळगाव आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जिल्हा परिषदेच्या कचेरीत आम्हाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवत होते. इमारत बांधकाम खात्याकडं, पूर्ण झाली, त्यांचं काम संपलं. आरोग्याच्या साहेबांनी सांगितलं, जागा मंजूर आहे, माणूस वरून यायचा आहे. वर म्हणजे कुठं, असं मी विचारलं. त्यांनी छताकडं बोट केलं नाही एवढंच.

दादासाहेब तेव्हा एका समितीचे सभापती झाले होते. त्यांनी आम्हाला आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला. बायकांशी ते खरोखर आदरानं वागत, हे आजही नाकारणार नाही. आधी ट्रेमधून कप-बश्या आल्या. त्यांनी ट्रेमधले रिकामे कप घेऊन टेबलावर मांडले. एक कप खाली ठेवला, ही ग्रामपंचायत. दुसरा, ही पंचायत समिती. तिसरा, ही आमची जिल्हा परिषद. एक बशी लांब सरकवली, हे मुंबईचं सरकार. मास्तर शिकवतात तसं ते समजावत होते. इमारत या कपातून. डॉक्टर त्या बशीतून. पगार तिकडून येऊन इकडून वाटायचा. औषध अर्धं यातून, अर्धं त्यातून. "डॉक्टर नेमायचा अधिकार मुंबईला आहे, अक्का. माझ्या हातात असता तर उद्या पाठवला असता."

अक्कानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "कप-बश्या बठ्ठ्या दख्यात, दादासाहेब. पन चहा कथा शे?" कप-बश्या सगळ्या पाहिल्या, पण चहा कुठं आहे?

खोलीतले कारकून हसले. दादासाहेबही हसले. आम्हाला चहा मिळाला, आणि आम्ही परत आलो. एसटीत अक्का खिडकीशी बसली होती. एरंडोल मागं गेल्यावर मला म्हणाली, "तेले मुंबईले धाडनं पडी." त्याला मुंबईला पाठवावं लागेल.

माझ्या भावानं ही बाई पाहिली नव्हती. एका चहात तिनं ओळखलं होतं की आपलं मत चुकीच्या कपात पडलं.

विधानसभेची निवडणूक आली तेव्हा दादासाहेब उभे राहिले आणि आमच्या गावानं, निदान आमच्या गावच्या बायकांनी, त्यांना पुन्हा मत दिलं. या वेळी अक्काला कोणाला समजवायला लागलं नाही. बायका आपणहून एकमेकींना सांगत होत्या, डॉक्टर बशीत आहे. ते आमदार झाले. गुलाल उडाला. पावसाळ्याआधी आम्ही पुन्हा त्यांना भेटलो, या वेळी पारोळ्याच्या विश्रामगृहात. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अक्का, मी तिकडं गेलो आणि इकडं जिल्हा परिषद दुसऱ्या गटाच्या हातात गेली. डॉक्टरची जागा मी मंत्र्यांकडून करून आणतो. पण डॉक्टरला राहायला घर लागतं. ते घर जिल्हा परिषदेनं बांधायचं. ते बांधत नाहीत, कारण श्रेय मला मिळेल. वर तिथं पाण्याची सोय नाही. पाणी पंचायतीचं काम. तुम्ही तर पंचायतीतच आहात, बाई."

म्हणजे ते ज्या खुर्चीवर बसत, दवाखाना तिच्या शेजारच्या खुर्चीकडं असे. जिल्हा परिषदेत होते तेव्हा तो मुंबईचा होता. मुंबईला गेले तेव्हा तो जिल्हा परिषदेचा झाला. आणि थोडासा माझाही झाला.

तो थोडासा भाग आम्ही केला. दवाखान्याजवळ आड खणायचं मी पंचायतीत मंजूर करून घेतलं. मजुरी पुरत नव्हती, म्हणून बायकांनी माती उपसली. अक्का पाटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं. पाणी लागलं, थोडं मचूळ पण लागलं. आता सांगा म्हणावं त्यांना, असं म्हणून ती त्या आडाच्या कडेला बसली तेव्हा तिचा चेहरा मला फार वर्षांनी मोकळा दिसला होता.

त्याच साली पाऊस गेला. पुढं तो दुष्काळ महाराष्ट्रभर गाजला. आड आटला. सगळं गाव खडी फोडायला गेलं. दवाखान्याच्या इमारतीत दुष्काळी कामावरच्या मजुरांना खायला वाटायच्या सुकडीच्या गोण्या ठेवल्या गेल्या. बाळंतपणाच्या खोलीत कुदळी, घमेली आणि टोपल्या. त्यासाठी मात्र कोणाच्याच अखत्यारीचा प्रश्न आला नाही. दुष्काळ संपला, गोण्या गेल्या, उंदीर राहिले. या सगळ्या वर्षांत गावात बाया बाळंत होतच होत्या आणि मधून मधून मरतही होत्या. अक्का प्रत्येकीच्या घरी जायची. येऊन माझ्याजवळ फक्त नाव सांगायची.

मग आणीबाणी आली. पहिलं वर्ष आमच्याकडं फारसं काही कळलं नाही. कचेरीतले लोक वेळेवर येतात, असं माझे यजमान म्हणायचे. दुसऱ्या वर्षी एके दिवशी सकाळी वीज मंडळाचे लोक खांब घेऊन आले आणि चार दिवसांत दवाखान्यापर्यंत तार ओढून झाली. आमच्या गावात वीज यायला अर्ज करून किती वर्षं झाली होती ते नानाही विसरले होते. पाठोपाठ पाण्याचा टँकर आला. भिंतींना चुना लागला. उंदीर मारले. लोखंडी खाटा आल्या, पांढऱ्या चादरी आल्या. बांधकाम, आरोग्य, महसूल, वीज, पंचायत समिती, सगळ्या खात्यांच्या जीपा एकाच झाडाखाली उभ्या राहिलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. आणि शेवटी डॉक्टर आला.

बायकांना वाटलं, दवाखाना उघडला.

सकाळी ओट्यावर रांग लागली. कडेवर तापानं फणफणलेली पोरं, दोघी-तिघी दिवस भरत आलेल्या, एक म्हातारी डोळा दाखवायला. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं. शेजारणीचं खोकणारं पोर तिच्या कडेवर होतं. दारातल्या माणसानं त्यांना हटवायला सुरुवात केली तेव्हा मी आत गेले. डॉक्टर तरुण होता, डोळे झोपेनं सुजलेले.

मी म्हटलं, "डॉक्टर, या बायका तुमचीच वाट बघतायत. किती वर्षांपासून ते मी सांगत बसत नाही."

तो म्हणाला, "बाई, हा नसबंदीचा कॅम्प आहे. मला फक्त शस्त्रक्रियेचा हुकूम आहे. पंधरा-वीस दिवस इथं, मग पुढच्या गावाला. औषधंही तेवढीच आणलीत."

"एका पोराची छाती तपासायला हुकूम लागतो?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "मला आकडा पुरा करायचाय," म्हणाला. "नाही झाला तर माझी नोकरी जाईल."

अक्का माझ्या मागं आत आली होती. तिनं पोर त्याच्यासमोर धरलं. "तू डॉक्टर शे ना, भाऊ? मंग या पोरले दखाले काय व्हस?" त्यानं शेवटी दोन बोटं पोराच्या छातीवर ठेवली, नळी लावली आणि म्हणाला, "याला धुळ्याला न्या."

आकडा फक्त डॉक्टरला नव्हता. तलाठ्याला होता, ग्रामसेवकाला होता, मास्तरांना होता. प्रत्येकानं ठरलेल्या 'केस', म्हणजे नसबंदीला माणसं, आणायच्या, नाहीतर पगार बंद. माझ्या यजमानांनी एकही आणली नाही आणि त्यांचा पगार थांबला. ते शाळेत जात, शिकवत, घरी येऊन भिंतीला टेकून बसत. इकडं माझ्या पुतण्यानं, त्या दिवशी गाडी हाकणाऱ्यानं, विहिरीवर मोटर बसवायला अर्ज केला होता. त्याला सांगण्यात आलं की ऑपरेशनचा दाखला आणलास तर अर्ज पुढं सरकेल. त्याला दोन मुली होत्या. तिसऱ्या खेपेची वाट बघत होता.

एका संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर आला आणि यजमानांना म्हणाला, "काका, माले तं मोटरसाठे करनंच शे. तुमना नाववर लिखी घ्या. तुमना पगार तरी सुटी."

यजमान नको म्हणाले. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी काहीच म्हटलं नाही. पुतण्या दुसऱ्या दिवशी आईला न सांगता गेला. यजमानांचा पगार सुटला.

कॅम्प हलला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. जखम चिघळली होती. दवाखान्याला कुलूप होतं, डॉक्टर पुढच्या गावी आकडा पुरा करत होता. आम्ही त्याला एका कापसाच्या ट्रकमध्ये घालून धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. तो वाचला. महिनाभर तिथं होता. परत आला तेव्हा मोटरही बसली. अक्कानं यजमानांना एक शब्द विचारला नाही. माझ्याशीही ती पूर्वीसारखीच वागायची, ताक द्यायची, पापड लाटायला बोलवायची. फक्त माझ्या ओसरीवर बसत नसे. दारातूनच बोलून जायची.

आणीबाणी उठायच्या बेताला दिल्लीची निवडणूक लागली. आमदार दादासाहेब आपल्या पक्षाच्या उमेदवाराचा प्रचार करत पारावर आले. दहा वर्षांपूर्वी पाळलेल्या शब्दाची त्यांनी आठवण करून दिली. इमारत कोणी दिली? वीज कोणी आणली? अक्का समोर बसली होती. या वेळी ती उठली नाही. तिच्या भोवतीच्या बायकाही उठल्या नाहीत. जीप गेल्यावर तिला घरोघर जायची गरजच नव्हती.

दिल्लीचं सरकार पडलं. रेडिओवर बातमी लागली तेव्हा गावात तरुण पोरांनी फटाके उडवले. त्या उन्हाळ्यात धुळ्याला गेले तर भाऊ मला दारातच म्हणाला, "पाहिलंस? मतदार शहाणा निघाला! मी म्हणत नव्हतो?" तो असं कधीच म्हणत नव्हता. आम्ही अडाणी ठरलो होतो तेव्हाही त्याच बायका होतो आणि शहाण्या ठरलो तेव्हाही त्याच. त्यानं पुस्तकातला धडा बदलला होता एवढंच.

कॅम्प बंद झाले. ते मताचं काम, मान्य करते. पण त्या डॉक्टरची आमच्या इमारतीवर कागदोपत्री नेमणूक झालेली होती, तीही रद्द झाली. विजेचं बिल कोणी भरायचं यावर जिल्हा परिषद आणि आरोग्य खातं यांच्यात पत्रं सुरू झाली. दरम्यान मंडळानं दवाखान्याची तार काढली. खाटा तालुक्याला गेल्या. मी हे अक्काला सांगायला गेले. ती शेंगा फोडत बसली होती. फोडलेली मूठ तिनं सुपात टाकली. मग म्हणाली, "आते माले समजनं. मत दिसन पाडता येस. बांधता येत नही." मत देऊन पाडता येतं, बांधता येत नाही.

मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. पंचायतीत दोन मुदती काढलेली, कायद्याची कलमं वाचलेली मी. लोकशाहीत धीर धरावा लागतो, असं काहीतरी तोंडावर आलंही होतं. पण ज्या बाईनं हे सगळं मुळापासून शिकून घेतलं, प्रत्येक वेळी बरोबर शिकली, आणि प्रत्येक वेळी शिकलेलं गेल्या निवडणुकीचं निघालं, तिला मी कोणता धीर देणार होते? समजत नव्हतं म्हणून तिचं मत वाया गेलं असतं तर माझ्या भावाचं बरोबर ठरलं असतं. तसं झालं नव्हतं. तिला समजावं इतका वेळ एकच माणूस, एकच खातं, एकच खुर्ची कधी जागेवर राहिलीच नव्हती. तो गुंता आपोआप झालेला नव्हता, असं मला आता वाटतं. गुंत्यात हात घालणाऱ्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याचं टोक सापडायचं, आणि ज्याला आपण जाब विचारत होतो त्याला हे फार सोयीचं होतं.

पुढच्याच वर्षी विधानसभेची निवडणूक आली. दादासाहेबांनी आधीच्या पक्षाला रामराम ठोकला होता आणि ज्यांनी त्यांना वर्षभरापूर्वी शिव्या दिल्या त्यांच्या बाजूनं ते उभे होते. पारावर त्यांना हार पडले. माझ्या यजमानांनीही एक घातला. शाळेची कौलं वादळात उडाली होती, म्हणून मतदान केंद्र दवाखान्याच्या इमारतीत होतं. बाळंतपणाच्या खोलीत टेबलं लावून कर्मचारी बसले होते, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा करून मत द्यायची जागा.

दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी चालू होती. बायका शेतातून येऊन रांगेत उभ्या राहत आणि पुन्हा शेताकडं जात. अक्का माझ्या पुढं होती. कमरेला विळा खोचलेला. शिपायानं तो बाहेर ठेवायला सांगितलं, तिनं ओट्यावर ठेवला. आत गेली, बोटाला शाई लावून घेतली, आडोशाला गेली. बराच वेळ लागला. इतका की मतदान अधिकारी मान वर करून बघू लागला. मग बाहेर येऊन तिनं पेटीत कागद टाकला.

माझं झाल्यावर मी बाहेर आले तर ती विळा उचलत होती. इतक्या निवडणुकांत आम्ही एकमेकींना कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच नसायची. त्या दिवशी मी विचारलं, "अक्का, कोणाला दिलं?"

तिनं बोटावरची शाई पदराला पुसून पाहिली. ती निघाली नाही.

"जेले देनं व्हतं तेले दिधं," ती म्हणाली, आणि शेताच्या वाटेला लागली. मी तिच्यासोबत गेले नाही.